दसरा ते वसुबारस: कोल्हापूर–मुक्तिनाथ मोटरसायकल प्रवासाच्या आखणीचं एक प्रकरण

चार माणसं, तीन गाड्या आणि सवड फक्त दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत. गुजरीतला एक सराफ आणि मागच्या सीटवर त्याची बायको. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत काम करणारा सुपरवायझर. आणि एक शाळामास्तर. सराफाची क्लासिक ३५०, २०२२ची, अजून कर्जाचे हप्ते चालू. सुपरवायझरची हिमालयन ४११. मास्तरांची २०१६ची पल्सर १५०, कार्बोरेटरवाली, आरसीवर वडिलांचं नाव, आणि वडील दोन वर्षांपूर्वी वारलेले. ठरलं होतं ते असं: नेपाळात मुक्तिनाथ करायचं आणि येताना काठमांडूला पशुपतिनाथ.

पहिला आराखडा वहीच्या एका पानात मावला. जायला चार दिवस, पाचव्या दिवशी पोखरा, सहाव्या दिवशी पोखरा–मुक्तिनाथ १८० किलोमीटर, मग काठमांडू, मग घर. १८० किलोमीटर म्हणजे कोल्हापूर ते शिरवळ. सकाळी मिसळ खाऊन निघालं तर जेवायच्या आत पोचतो. चौघांना काळजी होती ती गाड्यांची: १५० सीसी घाट चढेल का, पेट्रोल पुरेल का, दोन कॅन बांधायचे का. गाड्या कुठेच अडणार नव्हत्या. आराखडा अडत होता तासांच्या हिशोबात आणि मास्तरांच्या आरसीवर.

आरसीवरचं नाव

नेपाळला जायला भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. ज्याच्या भरवशावर आपण देशभर फिरतो ते आधार कार्ड प्रौढ माणसाने सीमेवर पुरेसं धरू नये. चौघांपैकी तिघांकडे पासपोर्ट होता, सराफाच्या बायकोकडे मतदार ओळखपत्र. माणसांचा प्रश्न तिथेच मिटला.

गाडीचं तसं नसतं. उत्तर प्रदेशच्या सीमेवरच्या सुनौलीची कमान ओलांडली की बेलहियाचं भन्सार कार्यालय लागतं, म्हणजे नेपाळचं कस्टम. तिथे गाडी किती दिवस आत राहणार ते सांगून दिवसागणिक शुल्क भरायचं आणि पावती घ्यायची. भारतीय नंबरची खासगी गाडी वर्षभरात एकूण ३० दिवसांपर्यंतच आत ठेवता येते. मूळ आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी पाहतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत लागते. मास्तरांची पंचाईत नेमकी इथे होती. मालकच हयात नाही, तर संमती देणार कोण?

अशी गाडी घरोघरी असते. वडील गेले, गाडी चालू आहे, विमा दरवर्षी त्यांच्याच नावाने ऑनलाइन भरला जातो, कोणी विचारत नाही. कायदा मात्र सांगतो की मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यावी. दोन वर्षांनी केलं तरी होतं, दंड पडतो एवढंच. पण सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं लागतात. मास्तरांची एक बहीण गडहिंग्लजला, एक बेळगावला. दोघींच्या सह्या जमायलाच वेळ गेला. त्यात गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची, म्हणजे आधी एचएसआरपी (जादा सुरक्षेची) नंबरप्लेट बसवणं आलं; तिच्याशिवाय महाराष्ट्रात आरटीओ हस्तांतराचं काम पुढे सरकवत नाही. प्लेटची ऑनलाइन तारीख, मग आरटीओ, मग स्मार्ट कार्ड पोस्टाने घरी, आणि शेवटी नव्या आरसीप्रमाणे विमा नावावर. हा शेवटचा टप्पा लोक हमखास विसरतात आणि दाव्याच्या वेळी तोच आडवा येतो. हे सगळं गणपतीनंतर सुरू केलं असतं तर दसऱ्याला पल्सर घरीच राहिली असती. त्यांनी आषाढात सुरू केलं म्हणून जमलं.

विम्याची दुसरी बाजू तिन्ही गाड्यांना लागू होती. आपल्या मोटार पॉलिसीचं भौगोलिक क्षेत्र भारतापुरतंच असतं. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव यांच्यासाठी ते वाढवून मिळतं. त्यासाठी पॉलिसीवर जो शेरा छापतात त्याला टॅरिफमध्ये, म्हणजे विम्याच्या दरपत्रकात, आयएमटी १ म्हणतात. पॅकेज पॉलिसीला त्यासाठीचा जादा हप्ता टॅरिफमध्ये ५०० रुपये आहे. एजंटला “नेपाळला जातोय, चालतंय ना?” असं विचारलं की “चालतंय की!” हेच उत्तर मिळतं. तोंडी उत्तर घेऊ नये. शेरा छापलेली पॉलिसी हातात घ्यावी. त्याशिवाय पलीकडे काही झालं तर आपली पॉलिसी म्हणजे नुसता कागद.

कर्जावरच्या क्लासिकसाठी सराफाने बँकेकडून एक ओळीचं पत्र घेतलं. बहुतेक कर्जकरारांत गाडी देशाबाहेर नेण्यापूर्वी कळवण्याचं कलम असतं. सगळ्या कागदांच्या चार-चार झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे सहा-सहा फोटो काढले. डिजीलॉकर बॉर्डरपर्यंतच, त्यापुढे मूळ कार्ड.

तारखा कोणाच्या सोयीच्या

दसरा दशमीला, वसुबारस वद्य द्वादशीला. मध्ये साधारण सतरा दिवस. सराफाला धनत्रयोदशीला गल्ल्यावर बसायचंच होतं, त्यामुळे मागची कड हलणार नव्हती. पुढची कड हलवायचा मोह मात्र झाला: घटस्थापनेलाच निघू, पाऊस संपलेला असतो, शाळेला सुट्टी टाकू.

हे दोन कारणांनी चुकीचं ठरलं असतं. पहिलं म्हणजे आपलं नवरात्र तेच नेपाळचं दसैं. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत पंधरा दिवस देश घरी जातो आणि घरून परततो. सणाच्या मुख्य दिवसांत कचेऱ्या बंद असतात, काठमांडूकडचे रस्ते गच्च असतात आणि नेपाळी तरुण मोठ्या संख्येने मोटरसायकली काढून मुस्तांगला, म्हणजे मुक्तिनाथच्याच जिल्ह्यात, जातात, त्यामुळे वाटेवरच्या मार्फा-कागबेनीत खोली मिळणं मुश्किल होतं. दुसरं म्हणजे पाऊस. सप्टेंबर २०२४च्या अखेरीस, म्हणजे पावसाळा संपत आला असं धरून चालतात त्याच सुमारास, नेपाळात मोठे पूर आले आणि महामार्ग बंद पडले. त्याच वर्षी १२ जुलैला नारायणगढ–मुगलिन रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूलीत गेल्या होत्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोल्हापूर सोडलं तर पाचव्या दिवशी, कोजागिरीच्या आसपास, सीमा गाठता येते. तोवर सणाची गर्दी उतरू लागते आणि डोंगरही थोडे सुकतात.

एक बारीक गोष्ट: नेपाळात आठवड्याची सरकारी सुट्टी शनिवारी असते. पोखऱ्यात घ्यायच्या अन्नपूर्णा क्षेत्राच्या परवान्याचं काम शनिवारवर येणार नाही असा दिवस मोजून घ्यावा.

किलोमीटर खोडून तास लिहिले

आराखडा दुरुस्त झाला तो वहीतल्या एका नव्या रकान्याने. प्रत्येक टप्प्यापुढे अंतर होतंच; त्याच्या शेजारी थांबे धरून ताशी सरासरी लिहिली. चौपदरी महामार्गावर ५५, दुपदरीवर ४०, नेपाळच्या तराईत (सखल पट्ट्यात) ३०, तिथून पोखऱ्याकडे चढणाऱ्या सिद्धार्थ महामार्गाच्या वळणांत २५, आणि पोखऱ्यापुढच्या बेनी गावाच्या वर १० ते १२. मग उजेडाचे तास. ऑक्टोबरअखेर तिथे साडेपाचला अंधारतं आणि अंधारात डोंगरी रस्ता चालवायचा नाही, हा नियम आधीच घालून घेतलेला. चहा, जेवण, पंक्चर वजा जाता हातात नऊ-दहा तास उरतात. (नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं असतं. सकाळी त्याचा फरक पडत नाही, संध्याकाळी हॉटेलवाल्याला फोनवर वेळ सांगताना पडतो.)

या हिशोबात पोखरा–मुक्तिनाथचं पितळ उघडं पडलं. पोखरा–बेनी सुमारे ८० किलोमीटर, तीन-चार तास. बेनी–जोमसोम ७५ ते ८०, म्हणजे सात तासांच्या पुढे. जोमसोम–मुक्तिनाथ वीस-बावीस, आणखी दीड तास. एकूण बारा-तेरा तास, तेही एक टायर पंक्चर न होता. आणि समजा पोचलेच, तर ८०० मीटरवरच्या पोखऱ्यातून एका दिवसात ३,७०० मीटरवर झोपायला. २,५०० मीटरच्या वर डोकेदुखी, मळमळ, धाप हा उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो. फौंड्रीच्या भट्टीसमोर उभा राहणारा माणूसही त्यातून सुटत नाही.

तेव्हा पशुपतिनाथ वगळावा लागला. वाद झाला, विशेषतः घरातल्या मोठ्यांशी: नेपाळला जाऊन पशुपती न करता यायचं? पण पोखरा–काठमांडू २०० किलोमीटर, त्यात रुंदीकरणाची कामं, दसैंहून राजधानीकडे परतणारी गर्दी. जायला एक दिवस, दर्शनाला एक, खाली उतरायला एक. आठ दिवसांत दोन्ही बसवले असते तर राखीव दिवस उरला नसता. आणि राखीव दिवस नसलेली डोंगरातली आखणी पहिल्या दरडीलाच मोडते.

नवी आखणी सोळा दिवसांची झाली. जाताना सांगली, सोलापूर, तुळजापूर, लातूर करत नांदेड, सुमारे ५०० किलोमीटर. पुण्यावरून नाशिक-इंदूरमार्गे जायची सवयीची कल्पना सोडली, कारण तुळजापूर ते बुटीबोरी हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता चांगला आहे आणि नागपूरकडे तो सरळ काढतो. दुसरी रात्र नागपूरच्या पुढे सिवनी. पेंचच्या जंगलातला तो उन्नत रस्ता, ज्याच्या खालून जनावरं जातात, उजेडात पार करायचा. तिसरी रात्र जबलपूरमार्गे रीवा. चौथ्या दिवशी वाराणसी बाहेरून टाळून गोरखपूर. भारतातला सगळ्यात थकवणारा दिवस हाच, गर्दीचा. पाचव्या सकाळी सुनौली, सुमारे १०० किलोमीटर. सीमेवर तीन तास धरले, मग बुटवल आणि वर तानसेन. सहाव्या दिवशी पोखरा आणि परवाना. सातव्याला तातोपानी, आठव्याला मार्फा, नवव्याला मुक्तिनाथ करून पुन्हा मार्फा. दहाव्याला खाली, अकरावा राखीव, बाराव्याला सीमा आणि गोरखपूर, पुढे चार दिवसांत घर.

रेल्वेचा पर्यायही मांडला होता. पुण्याहून गोरखपूरला गाड्या पार्सलने पाठवायच्या आणि आपण त्याच गाडीने जायचं. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गाडीला गोणपाटाचं पॅकिंग, आरसीची प्रत, ओळखपत्र. तीन-चार दिवसांची हाडं वाचतात. अडचण अशी की तिन्ही गाड्या त्याच डब्यात चढतील याची हमी नाही. एक मागे राहिली तर चौघांनी गोरखपूरला बसून राहायचं. एकट्या माणसाने हा जुगार खेळावा, तीन गाड्यांनी नाही.

उद्यमनगरचा रॅक

कोल्हापुरात गाडीचा कुठलाही भाग बनवून मिळतो, हे वरदान आहे आणि इथे तोच धोका झाला. क्लासिकवर दोन माणसं, वजन मिळून सुमारे १४० किलो, वर सामान. सराफाने उद्यमनगरातून मागे रॅक करून घेतला: ६ मिलिमीटरच्या गजाची चौकट, मागच्या दोन बोल्टना धरलेली, वर २५ किलोचा लोखंडी पेटारा. दिसायला नाद खुळा.

सुपरवायझरने पाहताक्षणी तो उतरवायला लावला. पेटाऱ्याचं वजन मागच्या एक्सलच्याही मागे लटकत होतं. दोनच बोल्ट आणि बाहेर आलेली चौकट, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला वेल्डच्या शेजारच्या भागात वाक बसणार. वेल्ड स्वतः सहसा तुटत नाही. त्याच्या कडेचं तापून कडक झालेलं धातू हजारो हादऱ्यांनी चिरतं. शिवाय मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर वाळूत स्टिअरिंग भरकटतं.

नव्या रॅकला १९ मिलिमीटरचा पाइप वापरला, सीटखालच्या बोल्टांखेरीज दोन्ही बाजूंनी खाली शॉकॲब्झॉर्बरच्या बोल्टपर्यंत टेकू दिले, सगळीकडे नायलॉक (हादऱ्यांनी सहज न सुटणारे) नट. जड वस्तू (हत्यारं, ऑइल, ट्यूब) दोन बाजूंच्या कापडी पिशव्यांत, एक्सलच्या पुढे आणि खाली. वर फक्त कपडे आणि रेनकोट. एकूण सामान १८ किलोवर आणलं. पेटारा घरी गेला आणि पुढे त्यात गहू भरला असेल. रॅक गाडीवरून काढून वेल्ड केला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर बॅटरी न काढता वेल्डिंगची पिन लावली तर ईसीयू (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू) जाण्याची शक्यता असते. मागच्या शॉकॲब्झॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) सहा पायऱ्यांचा आहे, तो पाचवर नेला. हवा मॅन्युअलमधल्या दोन माणसांच्या आकड्याप्रमाणे.

सुट्या भागांची यादी करताना कळलं की तीन वेगळ्या गाड्या नेण्याची किंमत ट्यूबांत मोजावी लागते. हिमालयनला पुढे २१ इंची आणि मागे १७, क्लासिकला १९ आणि १८. एकही एकमेकांना बसत नाही, म्हणून चार ट्यूबा. पल्सर ट्यूबलेस, तिला पंक्चर बुजवायच्या प्लगची किट. बाकी प्रत्येक गाडीची क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, क्लच आणि ब्रेकचा लिव्हर, एक स्पार्क प्लग, फ्यूज, ब्रेक पॅडचा जोड, चेन लॉक (चेन जोडायची कडी). सगळ्यांत मिळून दोन टायर लिव्हर, हवेचा छोटा पंप, एक लिटर १५डब्ल्यू५० ऑइल, एम-सील, तार, केबल टाय. जाऊन-येऊन साडेचार हजारांवर किलोमीटर होतात, म्हणून अर्धे झिजलेले मागचे टायर निघण्यापूर्वीच बदलले, तेही पंधरा दिवस आधी, म्हणजे नव्या रबराची गुळगुळीत साल रोजच्या फेऱ्यांत निघून जाते. चेन दर ५०० किलोमीटरला साफ करून वंगण.

पेट्रोलचे कॅन मात्र खोडले. हिमालयनची टाकी १५ लिटरची, क्लासिकची १३. कोणतीही ४०० किलोमीटरच्या जवळपास जाते. बेनीला टाकी भरली की वर जाऊन खाली येण्याइतकं पेट्रोल असतं. सामानाशेजारी पेट्रोलचा कॅन बांधणं म्हणजे नसलेल्या अडचणीवर घेतलेला खरा धोका.

बेनीच्या वर

पोखऱ्यात अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना घेतला. सार्क देशांच्या नागरिकांना तो १,००० नेपाळी रुपयांत मिळतो, म्हणजे आपले ६२५. भारतीय रुपया १.६ नेपाळी रुपयांना बांधलेला आहे. कागबेनीच्या उत्तरेला अप्पर मुस्तांगसाठी वेगळा, महाग, प्रतिबंधित क्षेत्राचा परवाना लागतो. मुक्तिनाथला त्याची गरज नाही.

काली गंडकीची दरी धवलगिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजार मीटरहून उंच अशा दोन डोंगरांच्या मधून जाते. दिवस वर आला की तिबेटकडचं पठार तापतं आणि दक्षिणेकडची हवा या फटीतून वर खेचली जाते. सकाळी अकराच्या सुमारास वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत धूळ उडवत राहतो. जाताना तो पाठीवर असतो म्हणून कळत नाही; उतरताना छातीवर येतो आणि सामान लादलेली गाडी रस्त्याच्या कडेला ढकलतो. म्हणून इथला सगळा हिशोब पहाटेचा. तातोपानीहून सहाला निघायचं, घासा, लेते करत मार्फा गाठायचं. दानाजवळ रुप्से धबधब्याचं पाणी लागतं. तिथे मागच्या माणसाने उतरून चालत जावं, पहिल्या गिअरात एकसारखा ॲक्सिलरेटर ठेवावा, मध्ये क्लच दाबू नये.

मार्फा सुमारे २,६०० मीटरवर, झोपायला सोयीचं. मुक्तिनाथ दुसऱ्या दिवशी सकाळी वर जाऊन दुपारच्या आत उतरायचं. १०८ धारांखाली स्नान करायचं असेल तर सोबत कोरडे कपडे ठेवावेत. ऑक्टोबरअखेर पाणी हाडं गोठवतं आणि ओल्या अंगाने वाऱ्यात गाडी चालवणं घातक आहे.

३,७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. हिमालयन आणि क्लासिकचं इंजेक्शन पेट्रोल आपोआप कमी करतं. पल्सरचा कार्बोरेटर मात्र तेवढंच पेट्रोल देतो, मिश्रण दाट होतं, गाडी गुदमरते आणि काळा धूर सोडते. जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, बदलायचा सल्ला सगळीकडे मिळतो. एका सकाळीसाठी तो करू नये. खाली आल्यावर तोच जेट मिश्रण पातळ करून इंजिन तापवतो. एअर फिल्टर साफ, नवा प्लग, आणि चढाला एक गिअर खाली. मास्तर मुक्तिनाथला सगळ्यात शेवटी पोचले, पण पोचले.

उतरताना क्लासिकचा मागचा ब्रेक लागेनासा झाला. सतत पाय ठेवल्याने तापला होता. अर्धा तास थांबून, पुढे दुसऱ्या गिअरात इंजिनावर उतरले. राखीव दिवस खर्च झाला तो बेनीच्या वर, रुंदीकरणाच्या कामासाठी रस्ता बंद ठेवल्याने. भन्सार आठ दिवसांऐवजी दहा दिवसांचा घेतला होता, म्हणून त्याची चिंता राहिली नाही. मुदत संपत आली तर वाढवायला पुन्हा भन्सार कार्यालय गाठावं लागतं आणि ते डोंगरात नसतं.

पैसे, फोन, पोलीस

शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा भरपूर ठेवाव्यात. मोठ्या भारतीय नोटांचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नये. नेपाळच्या फोनपेच्या (Fonepay; आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर यूपीआय २०२४पासून चालतं, पण मुस्तांगच्या चहाच्या टपरीवर रोख रक्कमच कामाला येते. सिम नेपाळ टेलिकॉमचं घ्यावं, डोंगरात त्याची रेंज जास्त. पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, ट्रॅफिक पोलीस १०३, टुरिस्ट पोलीस ११४४. आपली मेडिक्लेम पॉलिसी सहसा देशाबाहेर चालत नाही. वेगळा प्रवास विमा घेताना दुचाकी चालवणं आणि उंची ही दोन कलमं वाचून घ्यावीत, बऱ्याच पॉलिसी नेमकं तेच वगळतात.

परतताना भन्सारची पावती नाक्यावर दाखवून नोंद करून घ्यावी. रांग टाळून सरळ निघून आलं तर पुढच्या वेळी त्याच नंबरच्या गाडीचा हिशोब जुळत नाही. कोल्हापुरात आल्यावर तिन्ही गाड्यांचं ऑइल आणि एअर फिल्टर बदलले. हिमालयनच्या पुढच्या फोर्कचं एक सील गळत होतं. रॅकला कुठेही चीर गेली नव्हती, फक्त डाव्या टेकूचा एक नट अर्धा आटा ढिला झाला होता.